पंचेचाळिशीनंतरची थापी

मध्यमवयात नवं हातकाम शिकण्याचा विषय बंगळुरूत निघाला, की डोळ्यांसमोर येतो तो संगणकावरच्या नोकरीला कंटाळून मातीत हात घालणारा माणूस. दोन दिवसांत, फार तर आठवडाभरात मातीच्या बांधकामाची ओळख करून देणाऱ्या कार्यशाळा मुख्यतः त्याच्यासाठी भरतात, आणि त्या भराव्यातही. पण शहरातल्या प्रत्येक बांधकामावर थापी घेऊन उभा असलेला पंचेचाळिशीचा गवंडी या चित्रात नसतो. छोट्या अभ्यासक्रमाचा सगळ्यांत जास्त उपयोग त्याला आहे, आणि नेमका त्याचाच विचार अभ्यासक्रम आखताना होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मातीच्या बांधकामाच्या या विद्येवर बंगळुरूतच मोठं काम झालं आहे. अमूल्य कुमार रेड्डी यांच्या पुढाकाराने 1974 साली भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. तिथे के. एस. जगदीश, बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबून केलेल्या मातीच्या विटेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. माती चाळायची, लागेल तेवढी वाळू मिसळायची, पाच ते आठ टक्के सिमेंट घालायचं, हातयंत्रात दाबायचं आणि वीट तीनेक आठवडे ओली ठेवायची. भट्टीच लागत नसल्याने भाजक्या विटेच्या मानाने निम्म्याहून जास्त ऊर्जा वाचते, असं जगदीश आणि वेंकटराम रेड्डी यांनी 2003 च्या शोधनिबंधात मांडलं. अशा विटेसाठी भारतीय मानक तर 1960 पासून आहे. शास्त्र आहे, यंत्र आहे, मानक आहे. अडतं ते माणसाच्या हातापाशी.

त्या हाताला नवं काय शिकायचं असतं? मुख्यतः माती ओळखायला. बंगळुरूच्या लाल मातीतली चिकणमाती फारशी फुगत नाही, म्हणून सिमेंटशी तिचं जमतं. आपल्या देशावरची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती तशीच यंत्रात घालून चालत नाही. (मराठवाड्यात धाब्याच्या घरांसाठी पांढरी माती वेगळी निवडली जाई, ती उगाच नव्हे.) काचेच्या बरणीत माती पाण्याबरोबर घुसळून ठेवली, की वाळू आधी तळाला बसते आणि चिकणमाती सर्वांत शेवटी, थरांवरून प्रमाणाचा अंदाज येतो. ओलाव्याची परीक्षा मुठीत होते: गोळा वळला पाहिजे, आणि टाकल्यावर थोडक्या तुकड्यांत फुटला पाहिजे. हे सगळं आठवड्या-दोन आठवड्यांत शिकवता येतं. ओळंबा, दोरी, कोपरा, सांधमोड मात्र तेवढ्यात येत नाही. त्यासाठी हजारो विटा हाताखालून जाव्या लागतात. गवंड्याकडे ही दुसरी बाजू पंचवीस वर्षांची जमा आहे. संगणकावरच्या नोकरीतून आलेल्याला पहिली बाजू चटकन समजते, दुसरीसाठी पुढची काही वर्षं कुणा मिस्त्रीच्या हाताखाली घालवावी लागतात. एकच अभ्यासक्रम त्याच्यासाठी तोंडओळख ठरतो, गवंड्यासाठी धंदा.

जुना गवंडी बदलायला तयार नसतो, असं म्हणतात. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. काँक्रीटचे ठोकळे, तयार मसाला, फरशी चिकटवायची नवी द्रव्यं हे सगळं त्याने काम करता करताच आत्मसात केलं, कारण त्यात मजुरी होती. मातीच्या घरांना मागणी कमी आहे, हा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी झटकणार नाही. पण ज्याला असं घर हवं असतं, तोही माहीतगार गवंडी न मिळाल्याने मागे फिरतो. मागणी कमी असण्याचं एक कारण तेही आहे.

खरी अडचण पैशाची आणि वयाची. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची वयोमर्यादा 15 ते 45, आणि आधीच येत असलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची 18 ते 59. म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षी येतं त्याची नोंद होईल, येत नाही ते शिकवलं जाणार नाही. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री आहे, पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण आहे, दिवसाला 500 रुपये भत्ताही आहे. पण बंगळुरूतल्या अनुभवी गवंड्याची रोजची मजुरी त्याहून जास्त असते. यादगीर-रायचूरकडून आलेल्या, गावी पैसे धाडणाऱ्या माणसाने ही तूट का सोसावी? बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी 1996 च्या कायद्याने बांधकामखर्चावर उपकर लावला. बुडालेली मजुरी त्यातून भरून द्यायला काय हरकत आहे?

शिवाय अभ्यासक्रम सलग असण्याचीही गरज नाही. विटा पाडायला पाच-सहा दिवस प्रत्यक्ष बांधकामावरच बोलवावं. मग विटा ओल्या पोत्यांखाली मुरत असताना तीन आठवडे गवंडी आपल्या नेहमीच्या कामावर जाईल, रोज कमावेल. विटा तयार झाल्या की परत येईल आणि स्वतः पाडलेल्या विटांचा पहिला थर स्वतःच्या ओळंब्याने लावेल.