एका क्षणातले शंभर दिवस

पुणे-नाशिक रस्त्यावर, मोशीच्या पुढे, शिफ्ट सुटताना दोन मोटरसायकली एकमेकींच्या शेजारून जातात. एक चाकणकडे निघालेली, दुसरी भोसरीकडे परतणारी. दोघींचा वेग ताशी 60 किलोमीटर धरू. नेमक्या त्या क्षणी देवयानी दीर्घिकेत काय चाललं असेल? या प्रश्नाची दोन स्वारांसाठी दोन वेगळी उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर असतात. दीर्घिका थेट रस्त्याच्या रेषेत आहे असं मानलं, तर त्या उत्तरांमध्ये सुमारे 100 दिवसांचा फरक पडतो. घड्याळं दोघांचीही अचूक आहेत, गणितही कुणाचं चुकलेलं नाही.

याचं मूळ प्रकाशाच्या वेगात आहे. निर्वातात तो सेकंदाला 29,97,92,458 मीटर. 1983 पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर बेतलेली आहे. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जेमतेम 17 मीटर. हवेचा परिणाम सोडून दिला, तर धावत्या गाडीच्या हेडलाइटचा प्रकाश रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला 17 मीटर जास्त वेगाने येताना दिसावा, शेवटचे आकडे 458 ऐवजी 475 यावेत, असं मन सांगतं. तसं होत नाही. 17 मीटर फारच किरकोळ वाटत असतील, तर 1964 साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत झालेला प्रयोग पाहावा. तिथे प्रकाशाच्या 99.975 टक्क्यांहून अधिक वेगाने धावणाऱ्या पायॉन कणांमधून निघालेल्या गॅमा किरणांचा वेग मोजला गेला. वेगांची बेरीज होत असती, तर तो जवळजवळ दुप्पट भरला असता. भरला तो नेहमीचाच.

आइनस्टाइनने 1905 साली दाखवून दिलं, की हा वेग अढळ मानायचा तर ‘एकाच वेळी’ या कल्पनेला सगळ्यांसाठी एकच अर्थ उरत नाही. चाकणहून नव्या गाड्या घेऊन निघालेला 18 मीटर लांबीचा ट्रेलर घ्या. त्याच्या बरोबर मधोमध एक दिवा क्षणभर लागला. ट्रेलरवरच्या माणसाच्या हिशेबाने उजेड दोन्ही टोकांना एकदमच पोचतो. रस्त्यावरच्या माणसाच्या हिशेबाने मागचं टोक उजेडाच्या दिशेने पुढे येतं आणि पुढचं टोक उजेडापासून दूर पळतं. उजेडाचा वेग दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो मागे आधी पोचतो. ताशी 60 च्या वेगाला दोघांच्या हिशेबातला हा फरक इतका बारीक आहे, की तेवढ्या वेळात प्रकाश फक्त एक मायक्रॉन पुढे सरकतो. टूलरूममध्ये मायक्रॉनवर काम करणाऱ्यांच्या या पट्ट्यात हा आकडा निदान ओळखीचा तरी वाटेल.

नियम सोपा आहे. वेगाला अंतराने गुणायचं आणि प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागायचं. मीटर-सेकंदात तो वर्ग म्हणजे 9 वर 16 शून्यं, म्हणून पिंपरी ते चाकण, साधारण 20 किलोमीटरवरही मतभेद सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी चार भागांपुरताच राहतो. पण वरचं अंतर वाढवत नेलं, तर एवढा मोठा भाजकही पुरा पडत नाही. देवयानी सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे. एका स्वाराच्या वाट्याला 50 दिवस पुढे, दुसऱ्याच्या वाट्याला 50 दिवस मागे.

प्रत्यक्षात नवरात्राच्या सुमारास देवयानी संध्याकाळी ईशान्येला उगवते आणि रस्ता जातो जवळजवळ उत्तरेला. तो कोन धरला, की 100 चे 80 होतात. वाहतुकीच्या कोंडीत पायी चालण्याच्या वेगाने सरकणाऱ्यांमध्येही थोडेथोडके नाही, काही दिवसांचं अंतर उरतंच. रॉजर पेनरोज यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकात पादचाऱ्यांचंच उदाहरण दिलं होतं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. प्रकाशाला तिथून यायला 25 लाख वर्षं लागतात, त्याचा हा परिणाम नव्हे. आकाशाकडे पाहिलं तर दोन्ही स्वारांना तोच, 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश दिसेल. प्रवासाचा हा काळ दोघांनीही चोख वजा केल्यावर जो फरक शिल्लक राहतो, तो हा.

मला सर्वांत थक्क करणारा आकडा मात्र घरी स्वस्थ बसलेल्या माणसाचा वाटतो. पृथ्वी त्याला घेऊन सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते. सहा महिन्यांत ती दिशा उलटते आणि त्याच्या हिशेबातली देवयानीची ‘आत्ता’ची वेळ 400 वर्षांहून जास्त सरकते. हाच रस्ता पुढे जुन्नर तालुक्यात जातो. तिथल्या शिवनेरीवर 1630 साली शिवजन्म झाला, तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाएवढी ही झेप आहे.

मग कार्यकारणभावाचं काय? तो शाबूत राहतो. पिंपरीहून चाकणला पोचायला प्रकाशालाही सेकंदाचे सुमारे 67 दशलक्षांश भाग लागतात. पिंपरीत बटण दाबल्यामुळे चाकणमधलं यंत्र सुरू झालं असेल, तर त्यांचा क्रम कोणत्याही वेगाने जाणाऱ्याला उलटा दिसणार नाही. ज्या दोन घटनांमध्ये प्रकाशही वेळेत पोचू शकत नाही, त्यांच्याच क्रमाबद्दल मतभेद होऊ शकतो. देवयानीतले ते 100 दिवस याच जातीचे आहेत. त्यातली एकही बातमी कुठल्याच स्वाराला 25 लाख वर्षांच्या आत मिळणार नाही.

मोटरसायकलवर लावलेल्या मोबाइलला मात्र हा हिशेब टाळता येत नाही. विषुववृत्तावरून पृथ्वीला वळसा घालत एकामागून एक घड्याळं प्रकाशाच्या संकेताने जुळवत आणली, तर शेवटचं घड्याळ पहिल्याशी जुळत नाही. 207 नॅनोसेकंदांचा फरक राहतो, आणि तेवढ्यात प्रकाश 62 मीटर जातो. जीपीएसचा संकेत सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून येईपर्यंत चाकणची जमीन सेकंदाला 440 मीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते. गणितात याची दुरुस्ती केली नाही, तर नकाशावरची गाडी सुमारे 30 मीटर चुकीच्या जागी दिसेल. ही दुरुस्ती प्रत्येक वेळी होते, म्हणूनच कंपनीचं गेट नकाशावर आपल्या जागी सापडतं.