पावभाजीच्या गाडीवरून थेट मंत्रालयात! कारखाना नसताना अनिल राठोड २५ वर्षे कसे जिंकले?

नगर जिल्ह्यात आमदारकीचा रस्ता बहुतेक वेळा साखर कारखान्यातून जातो. दूध संघ, शिक्षण संस्था, बँक हे त्याचे पुढचे टप्पे. यातले काहीच हाताशी नसलेला एक पावभाजीवाला मात्र नगर शहरातून सलग पाच वेळा आमदार झाला. अनिल राठोड, म्हणजेच नगरकरांचे 'भैया'.

सुरुवात कशी झाली?

राठोड नगरमध्ये पावभाजीची गाडी चालवत. हिंदू एकता आंदोलनातून ते राजकारणात आले आणि पुढे शिवसेनेत गेले. १९९० मध्ये ते पहिल्यांदा आमदार झाले. त्यानंतर १९९५, १९९९, २००४ आणि २००९ मध्येही जिंकले. युती सरकारमध्ये ते राज्यमंत्रीही होते.

कारखाना नव्हता, मग होते काय?

शहरातला मतदार ऊस घालत नाही, त्यामुळे तो कारखान्याला बांधलेला नसतो. दुकानदार, हातगाडीवाले, कामगार यांची कामे छोटी पण तातडीची असतात: नळ, दवाखाना, पोलीस ठाणे. एका फोनवर धावून येणारा माणूस ही ओळख हेच राठोड यांचे भांडवल होते.

मग पराभव का झाला?

२०१४ मध्ये युती तुटली. शिवसेना आणि भाजप वेगवेगळे लढले, मते विभागली. राष्ट्रवादीचे संग्राम जगताप सुमारे तीन हजार मतांनी जिंकले. २०१९ मध्ये युती असूनही राठोड पुन्हा हरले. ५ ऑगस्ट २०२० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

भिंगारमधून असा नेता घडेल?

भिंगार छावणी याच मतदारसंघात येते, पण तिथला कारभार वेगळा आहे. छावणी मंडळाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो. लोकांनी निवडलेल्या सदस्याला जास्तीत जास्त उपाध्यक्ष होता येते. त्यातही जानेवारी २०१५ नंतर मंडळाची निवडणूकच झालेली नाही. ३० एप्रिल २०२३ साठी जाहीर झालेले मतदान मार्चमध्येच रद्द झाले.

छोट्या व्यापाऱ्यासाठी राजकारणाची पहिली पायरी सहसा वॉर्डातली निवडणूक असते. भिंगारच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला ती पायरीच उरलेली नाही.