बाजारपेठेतले दुचाकीचे पट्टे

रस्त्याच्या कडेला फक्त दुचाकींसाठी आखून दिलेली आणि तसा फलक लावलेली जागा म्हणजे दुचाकी वाहनतळ. या जागेत चारचाकी, रिक्षा किंवा लोटगाडी उभी करता येत नाही. व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. जागा ठरवून दिल्यावर उरलेल्या रस्त्यावर दुचाकी लावायला मनाई करता येते, आणि ती मनाई पाळून घेता येते. त्यामुळे पट्टे मारण्याचा उद्देश गाड्यांची सोय एवढाच नसतो. रस्त्याचा बाकीचा भाग चालण्यासाठी आणि वाहण्यासाठी मोकळा ठेवणे हाही त्यात येतो.

देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. जळगाव आणि धुळे या शहरांत तर रुजलेली शहर बससेवा नसल्यामुळे मोटारसायकल हेच घरचे मुख्य वाहन ठरले आहे. नशिराबाद, आसोदा, म्हसावद या गावांतून जळगावात आणि कुसुंबा, कापडणे, फागणे येथून धुळ्यात येणारा माणूस बियाणे, कपडा, औषध, सोने अशी सगळी खरेदी एकाच फेरीत उरकतो. जळगावात महात्मा फुले मार्केट, गोलाणी मार्केट, नवीपेठ, दाणाबाजार, सुभाष चौक, सराफ बाजार आणि बळीरामपेठ हा सारा व्यापार रेल्वे स्थानकाजवळच्या एका आटोपशीर पट्ट्यात दाटलेला आहे. महापालिकेची सतरा मजली इमारतही तिथेच आहे. खरेदीला आलेला, कामावर आलेला आणि सरकारी कामासाठी आलेला असे तिघेही एकाच रस्त्यावर जागा शोधतात.

धुळ्याची घडण वेगळी आहे. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने खानदेशचे मुख्य ठाणे म्हणून धुळे निवडले. बाहेरून व्यापारी यावेत म्हणून घरांसाठी जागा दिल्या गेल्या आणि नवे धुळे सरळ रस्त्यांनी आखले गेले. आग्रा रोड आणि त्याच्या आजूबाजूच्या, नावाऐवजी क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हे त्या आखणीचे आजचे रूप. सरळ रस्त्यावर पट्टे मारणे सोपे असते, आणि या बाबतीत धुळ्याला जळगावपेक्षा वारसा बरा मिळाला आहे. पण या रस्त्यांची रुंदी बैलगाडीच्या काळातली आहे. पाचकंदील भागात दुकानाची पायरी, तिच्यापुढे मांडलेला माल, पुढे दुचाकींची रांग आणि रांगेपुढे लोटगाडी असे थर लागले की मधे उरणारी वाट पाहून त्या रुंदीवर विश्वास बसत नाही.

पट्टे महापालिका मारते, पण रस्त्यावर गाडी कुठे उभी करता येईल हे ठरवण्याचा अधिकार एकट्या महापालिकेचा नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा राज्य शासन, किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एक भर पडली: जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता आणि वाहतुकीचा विनाअडथळा प्रवाह यांना प्राधान्य द्यायचे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये स्थापन झाल्या, पण दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही. रस्त्यावरची अंमलबजावणी जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखालच्या शहर वाहतूक शाखेकडे असते. रंग, फलक आणि फरशी महापालिकेची, दंडाची पावती पोलिसांची. या दोघांत आधी बोलणे झाले नसेल तर पट्टे आखलेले असूनही त्यांच्या बाहेरच्या गाडीवर कारवाई करायला कागदाचा आधार राहत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात रंगही राहत नाही.

फलकांच्या खुणा ठरलेल्या आहेत. निळ्या चौकोनावर पांढरा इंग्रजी ‘पी’ आणि खाली वाहनाचे चित्र असेल तर त्या वाहनाला तिथे उभे राहता येते. लाल किनारीच्या निळ्या गोलावर एक तिरपी लाल रेघ असेल तर वाहन लावून जाता येत नाही. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभर थांबायलाही मनाई असते. अरुंद बाजार-रस्त्यांवर महाराष्ट्रात ‘पी-१, पी-२’ ही पद्धतही वापरली जाते. सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या. तिचा हिशेब साधा आहे. कडेला काटकोनात, म्हणजे आडवी, लावलेली दुचाकींची रांग २ मीटर जागा घेते. रस्ता ९ मीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यावर ५ मीटर उरतात, एकाच बाजूला लावल्यावर ७ मीटर. अग्निशमन दलाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. त्याला नुसते पुढे जायचे नसते, दारे उघडून होजपाइपही ओढायचा असतो, म्हणून या २ मीटरचे मोल जुन्या पेठांत फार आहे.

जागेचे माप हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीच्या आवारात मोटारीसाठी अडीच मीटर गुणिले ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ मीटर गुणिले २ मीटर जागा धरली आहे. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी बसतात. रस्त्याच्या कडेला हा फरक आणखी स्पष्ट होतो. १०० मीटर लांबीत एकामागे एक अशा सोळा-सतरा मोटारी लागतात. तेवढ्याच लांबीत आडव्या लावलेल्या दुचाकी शंभर. खानदेशात सर्वत्र दिसणारी स्प्लेंडर २ मीटर लांब आणि हँडलपाशी पाऊण मीटरहून थोडी कमी रुंद आहे, म्हणून १ मीटरचा गाळा तिला ऐसपैस होतो. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून आलेल्या दूधवाल्याच्या गाडीला मात्र तो पुरत नाही. अपंगांच्या, मागे जादा चाके जोडलेल्या स्कूटरला तर मुळीच नाही. अशा गाड्यांसाठी रांगेच्या टोकाला रुंद गाळे ठेवावे लागतात. ते टोकालाच हवेत, कारण मधला रुंद गाळा दोन साध्या गाड्या तासाभरात गिळून टाकतात.

तिरपे पट्टे मारले की जागा वाचते असा समज आहे. हिशेब तसे सांगत नाही. ४५ अंशांत लावलेली मोटारसायकल हँडलच्या रुंदीसह रस्त्यात जवळजवळ १.९ मीटर येते, म्हणजे आडवीपेक्षा जेमतेम १० सेंटिमीटर कमी. उलट कडेने मोजली तर प्रत्येक गाडीला १ मीटरऐवजी १.४ मीटर लागतात आणि शंभराच्या जागी सत्तरच गाड्या मावतात. तिरपेपणाचा खरा फायदा गाडी आत-बाहेर करताना होतो. जिथे तो नको असेल तिथे काटकोनच बरा.

काटकोनातही पुढचे चाक कडेला की मागचे, हा प्रश्न उरतो. बहुतेक जण दुकानाकडे तोंड करून गाडी लावतात, कारण ते पटकन होते. निघताना मात्र गाडी पाठमोरी, न बघता, चालत्या रस्त्यात ओढावी लागते. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे हे ओढणे चढावर होते. मागे पोते बांधले असेल तर शेजारच्या गाडीवर गाडी कलंडते आणि पुढे अख्खी रांग. मागचे चाक कडेला ठेवले तर चालकाचे तोंड रस्त्याकडे राहते आणि चढ इंजिनाच्या जोरावर चढता येतो. यात स्टँडचाही प्रश्न आहे. साइड स्टँड मागच्या बाजूला दुमडतो. गाडी उतारावर पुढे सरकली तर तो मिटतो, मागे सरकली तर उलट घट्ट बसतो. म्हणून उताराकडे मागचे चाक ही लावण्याची सुरक्षित रीत. पट्ट्यांजवळ याचे एक चित्र रंगवायला खर्च फारसा येत नाही.

स्टँडखालची जमीनही पाहावी लागते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा डांबर मऊ पडते आणि साइड स्टँडचे टोक त्यात रुतते. पावसाळ्यात, जिथे डांबर संपून काळ्या मातीची साइडपट्टी सुरू होते, तिथे गाडी सकाळी उभी केली तर संध्याकाळी आडवी सापडते. दुचाकीच्या पट्ट्याखाली काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असणे इथे चैन म्हणता येत नाही. उन्हाचे आणखी एक गणित आहे. तापलेल्या सीटवर बसायला कोणीच राजी नसल्यामुळे उन्हाळ्यात गाड्या पट्ट्यांपेक्षा कडुलिंबाच्या सावलीत जमतात, मग ते झाड ऐन चौकात का असेना. सावली कुठे पडते हे न बघता आखलेली रांग उन्हाळाभर रिकामी राहू शकते. पदपथावर गाडी लावणे नियमाने निषिद्ध आहे, पण झाडे बहुधा पदपथालगतच असतात.

एवढे सगळे जमले तरी पट्टे भरतात ते कोणाच्या गाड्यांनी, हा कळीचा मुद्दा राहतोच. दुकान उघडण्याआधी मालक येतो, मग दोन-चार कामगार येतात, वरच्या मजल्यावरचे कारकून येतात. ग्राहक यायच्या आत दर्शनी जागा भरलेली असते आणि त्या गाड्या रात्री शटर पडेपर्यंत हलत नाहीत. ग्राहक अर्ध्या तासासाठी आलेला असतो. त्याला जागा न मिळाल्यामुळे तो या रांगेपुढे दुसरी रांग लावतो, आणि कोंडी तिथे होते. १० तास अडलेल्या एका गाळ्यात अर्ध्या तासाचे वीस ग्राहक येऊ शकले असते. दुकानापुढे जागा नाही ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी असते, पण तिचे एक कारण बऱ्याचदा त्यांच्याच गल्ल्यामागे बसलेले असते. म्हणून बाजारपेठेत नुसते पट्टे आखून भागत नाही, त्यांना वेळेची मर्यादा घालावी लागते. दिवसभर राहणाऱ्या गाड्यांसाठी पाच-सात मिनिटे चालण्याच्या अंतरावर वेगळी जागा लागते. ती अनेकदा कागदावर आधीच असते: बांधकाम परवानगीच्या नकाशात वाहनतळ म्हणून दाखवलेले आणि प्रत्यक्षात दुकान किंवा गोदाम झालेले तळघर. ते मोकळे करणे हे रस्त्यावर रंग मारण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि रंग आधी मारला जातो तो म्हणूनच.

फेरीवाल्यांचा प्रश्न याच जागेशी बांधलेला आहे. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून, नगर पथविक्रेता समितीमार्फत त्यांच्या जागा ठरवाव्या लागतात. लोटगाड्या हटवून तिथे दुचाकीचे पट्टे आखले आणि त्यांना दुसरी जागा दिली नाही, तर त्या परत येतात आणि पट्ट्यांपुढे उभ्या राहतात.

गाडी लावण्याचा नियम मोडल्यास सध्या राज्यात पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा मोडल्यास १५०० रुपये दंड आहे. टोइंगची गाडी लोकांना जास्त जाचते, कारण गाडी दिसेनाशी होते. पण टोइंगचा धाक टिकतो तो जवळ रिकामे पट्टे असले तरच. नाहीतर प्रत्येक उचललेल्या गाडीमागे चौकात वाद होतो आणि वादात लोक गाडीवाल्याच्या बाजूने असतात.

शुल्काचा प्रश्न शेवटी येतोच. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात मांडले की फुकट जागा सर्वांना महाग पडते. शुल्क इतके असावे की शंभरातल्या पंधराएक जागा कायम रिकाम्या राहाव्यात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात २००८ पासून मोटारसायकलींना शुल्क लागू झाले तेव्हा चालकांनी मोर्चे काढले. पॅरिसने १ सप्टेंबर २०२२ पासून इंधनावरच्या दुचाकींना शुल्क लावले आणि विजेवरच्यांना सूट दिली. पुण्यात मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर झाले, पण विरोधामुळे ते सुरुवातीला पाच रस्त्यांपुरते आखडते घेण्यात आले. जळगाव-धुळ्यात सरसकट शुल्काची घाई नको. गावाहून आलेल्या शेतकऱ्याला पहिला अर्धा तास मोफत आणि त्यापुढे चढते शुल्क, अशी रचना दिवसभर अडणाऱ्या गाड्यांवर नेमका भार टाकते. वसुली ठेकेदाराकडे असेल तर एक खबरदारी हवी: त्याचे उत्पन्न गाड्यांच्या संख्येवर असते, त्यामुळे पट्ट्यांबाहेरही पावती फाडण्याचा मोह त्याला होतो. ठरलेल्या गाळ्यांवर क्रमांक रंगवलेले असले तर ही लबाडी लगेच दिसते.

सणांचे वेळापत्रक वेगळे करावे लागते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) जळगावच्या सराफ बाजारात आणि चैत्रात धुळ्याला पांझराकाठच्या एकवीरा देवीच्या यात्रेत नेहमीचे गाळे कितीही असले तरी अपुरे पडतात. त्या दिवसांपुरती शाळांची पटांगणे आणि मोकळे भूखंड वाहनतळ म्हणून उघडायचे, बाजारातल्या रांगा एकेरी ठेवायच्या आणि फलक दोन-तीन दिवस आधी, शहरात येणाऱ्या रस्त्यांच्या तोंडाशी लावायचे. चौकात पोहोचलेल्या माणसाला फलक वाचून मागे वळायला जागा राहिलेली नसते.