आपोआप उडणारा फ्लॅश: वायरलेस ट्रिगर घेताना काय बघायचं

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळलो होतो ती वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)

मागच्या भागानंतर व्हॉइस नोटमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "फ्लॅश घेतला, आता तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवून उडवायला ट्रिगर कुठला घेऊ?" मॉडेलचं नाव सांगून पाच सेकंदांत मोकळं होता आलं असतं. पण आधी माझी एक फजिती सांगतो, कारण ट्रिगर म्हणजे नेमकं काय हे मला त्या दिवशी कळलं.

चुलत बहिणीचं लग्न. मे महिना, सोलापूरचं ऊन, होटगी रोडवरचं एक कार्यालय. काकांना म्हणालो, "फोटोग्राफर लावू नका, मी काढतो." काकूला ते फारसं पटलं नव्हतं, पण काका हो म्हणाले. एक फ्लॅश स्टँडवर छत्री लावून स्टेजच्या डाव्या अंगाला, ट्रिगर कॅमेऱ्यावर. सकाळी हळद मस्त निघाली. चेहऱ्यावर बाजूने येणारा मऊ उजेड, मागे झेंडूच्या माळा. मी स्वतःवरच खूश.

अकराच्या सुमाराला नवऱ्याकडचा फोटोग्राफर आला. आणि माझा फ्लॅश मी बटण न दाबताच उडायला लागला. एक फोटो पांढराफटक, पुढचा अंधारा. फ्लॅशच्या स्क्रीनवर मी ठेवलेली पॉवर १/८. बघता बघता ती १/१ झालेली. आमच्या धंद्यातला पहिला उपाय केला: बंद करून चालू केलं. मग सेल बदलले. मग हॉट शू रुमालाने पुसला. तेवढ्यात त्या फोटोग्राफरचा हेल्पर पोरगा आला: "ओ मालक, आमचे दोन्ही लाईट आपोआप पडायलेत की ओ. तुमचं काय चालूय का?"

उत्तर माझ्यासमोरच होतं, पण विचार करायला वेळच नव्हता. मंगलाष्टकं सुरू झालेली. शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री उसळली, अंतरपाट खाली, अक्षता हवेत. मी दाबलं. फ्लॅश नाहीच. तो नुकताच दुसऱ्याच्या सांगण्यावरून पूर्ण ताकदीने उडून गेला होता आणि आतून 'चीं' करत चार्ज होत होता. तीन फ्रेम काळ्या. नंतर लॅपटॉपवर उजळवून बघितल्या, तर अक्षता कुठल्या आणि नॉइजचे दाणे कुठले, कळत नाही. बहिणीच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा फोटो आहे तो एका आतेभावाने मोबाइलवर काढलेला. तो तिरका आहे, पण तिला तोच आवडतो.

झालं काय होतं? आमच्या दोघांचे ट्रिगर एकाच कंपनीचे आणि दोघेही चॅनल १ वर. डब्यातून काढल्यापासून कुणी चॅनल बदललाच नव्हता. चूक सेटिंगची, आणि ती माझीच.

आता आतलं यंत्र समजून घेऊ. कॅमेऱ्याच्या डोक्यावर हॉट शू असतो. त्याच्या मधल्या गोल ठिपक्याला सिंक कॉन्टॅक्ट म्हणतात. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा तिथे सर्किट जोडतो. पूर्वी तिथून वायर थेट फ्लॅशपर्यंत जायची. लग्नात अशी वायर टाकली तर मामाच पहिला अडखळणार. ट्रिगर त्या वायरच्या जागी रेडिओ संदेश पाठवतो: "अमुक चॅनल, अमुक ग्रुप, उडा." लांबचा रिसीव्हर तो ऐकतो आणि फ्लॅश पेटवतो. आजच्या बहुतेक ट्रिगरमध्ये याच संदेशासोबत "पॉवर एवढी ठेव" हेही जातं. म्हणून माझ्या फ्लॅशचा आकडा आपोआप बदलत होता. तो बिचारा दोन मालकांचं ऐकत होता.

वायर आणि रेडिओच्या मधला प्रकार म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह. दुसरा फ्लॅश उडाला की तो उजेड 'बघून' हाही उडतो. बऱ्याच फ्लॅशवर एस१, एस२ असे मोड असतात ते हेच. घरातल्या स्टुडिओत झकास. पण लग्नात प्रत्येक पाहुण्याच्या फ्लॅशने तो उडणार, आणि दुपारच्या उन्हात त्याला काही दिसणारच नाही. आंधळा नाही, पण दिपलेला.

कमी खर्चात छोटे फ्लॅश लांब ठेवून वापरायचं वेड जगभर पसरलं त्यात डेव्हिड हॉबी या अमेरिकन वृत्तपत्र छायाचित्रकाराचा मोठा वाटा. २००६ साली त्याने 'स्ट्रोबिस्ट' सुरू केलं. तेव्हा चांगला रेडिओ म्हणजे पॉकेटविझार्ड, आणि तो महाग. २०१२ मध्ये कॅननने ६००ईएक्स-आरटी आणला, त्यात रेडिओ फ्लॅशच्या आतच होता. पुढे योंगनुओ, गोडॉक्स या चिनी कंपन्यांनी हीच सोय आपल्या खिशाला परवडेल अशी केली. आज आपल्याकडे लग्नाच्या शूटमध्ये गोडॉक्स इतका दिसतो की चॅनलची टक्कर होणं नवल नाही.

तर निवड. पहिली गोष्ट, आणि इथेच जास्त पैसे वाया जातात: ट्रिगर एकटा घ्यायचा नसतो, फ्लॅशची जात बघून घ्यायचा असतो. गोडॉक्सची २.४ गिगाहर्ट्झची भाषा वेगळी, योंगनुओची वेगळी. दोघं एकाच बँडवर बोलतात, तरी एकमेकांचं कळत नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही कानावर पडतात आणि बरेच लोक तिन्हींत निभावून नेतात. ट्रिगरना ते जमत नाही. गोडॉक्समध्येही जुनी ४३३ मेगाहर्ट्झवाली सीटी-१६ मालिका नव्या फ्लॅशच्या आतल्या रेडिओशी बोलत नाही. आणि अमेरिकेतला मामा पॉकेटविझार्ड आणतो म्हणाला तर थांबा: अमेरिकेतले सेट ३४० ते ३५४ मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपातले ४३३ च्या आसपास. त्यांचं आपसातसुद्धा जमत नाही.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याची कंपनी. नावाच्या शेवटी अक्षर असतं: सी म्हणजे कॅनन, एन निकॉन, एस सोनी, एफ फुजी. ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्याच्या अक्षराचाच हवा, कारण तो थेट हॉट शूवर बसतो. लांब ठेवलेल्या फ्लॅशचं अक्षर मात्र वेगळं असलं तरी गोडॉक्सच्या एक्स सिस्टीममध्ये चालतं. म्हणजे मित्राचा निकॉनवाला व्ही८६० टू तुमच्या कॅननवरच्या ट्रिगरने उडतो. सेकंडहँड घेताना हे लक्षात ठेवा, पर्याय दुप्पट होतात.

कॅननवाल्यांनी इथे जरा थांबा. आपला हॉट शू डोळ्याने बघा. मधला गोल ठिपका आहे का? २००डी मार्क टूसारख्या काही स्वस्त मॉडेलमध्ये कॅननने तो ठिपकाच काढून टाकला. अशा कॅमेऱ्यावर फक्त त्या ठिपक्यावर चालणारा साधा ट्रिगर लावला तर काहीच होणार नाही, कितीही सेल बदला. बाकीच्या छोट्या पिनांवरून कॅननची भाषा बोलणारा टीटीएल ट्रिगर लागतो, गोडॉक्सच्या एक्स२टी-सीसारखा. दुकानात स्वतःचाच कॅमेरा घेऊन जा. दुकानदाराच्या कॅमेऱ्यावर चाललं म्हणजे तुमच्यावर चालेल असं नाही.

टीटीएल म्हणजे काय? फोटोच्या आधी फ्लॅश एक बारीक चमक मारतो, कॅमेरा लेन्समधून ती मोजतो आणि पॉवर स्वतः ठरवतो. वरातीत नवरदेव घोड्यावरून पुढेमागे होतोय, तिथे हे सोन्यासारखं. कारण अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. फ्लॅश २ मीटरवर असताना बरोबर आलेला फोटो ४ मीटरवर दोन स्टॉप अंधारा येतो. पण स्टेजवर माणसं एकाच जागी बसलेली असताना मॅन्युअलच बरं. एकदा पॉवर लावली की प्रत्येक फोटो सारखा. मी स्वतः शिकणाऱ्याला मॅन्युअल फ्लॅश आणि टीटीएल ट्रिगर अशी जोडी सुचवतो. टीटी६००सारख्या फ्लॅशमध्ये टीटीएल नाही, पण रिसीव्हर आतच आहे, आणि ट्रिगरवरून त्याची पॉवर बदलता येते. दर वेळी स्टेजवर चढून, आजीच्या पायाजवळून वाकून बटण दाबायला जावं लागत नाही. खरं सांगतो, या एका सोयीसाठी जास्तीचे पैसे वसूल आहेत.

आता सिंक स्पीड. कॅमेऱ्यात दोन पडदे असतात: पहिला उघडतो, दुसरा बंद करतो. साधारण १/२०० सेकंदापर्यंत असा एक क्षण येतो की सेन्सर पूर्ण उघडा आहे. त्यापुढे दुसरा पडदा आधीच निघतो आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकते. तेव्हा फ्लॅश उडाला तर फोटोत काळा पट्टा. १/२०० म्हणजे ५ मिलिसेकंद, आणि सेन्सर पूर्ण उघडा असण्याचा वेळ त्याहून कमी. रेडिओ संदेश तयार होऊन, पोचून, फ्लॅश पेटायला जो वेळ जातो तो यातूनच वजा होतो. म्हणून स्वस्त ट्रिगरवर कधी कधी १/२०० ला खाली बारीक काळी कडा दिसते आणि १/१६० ला जाते. ट्रिगर फेकू नका, स्पीड उतरवा.

हाय स्पीड सिंक असेल तर १/२००० वरही चालतं. तिथे फ्लॅश एकदा न उडता फट सरकेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. किंमत मोजावी लागते ती ताकदीची, दोन स्टॉप किंवा जास्तच. भर उन्हात छोटा फ्लॅश मग अगदी जवळ आणावा लागतो, आणि तो तापतोही लवकर. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारू नका.

काही जण विचारतील, मोबाइलने हे होईल का? मोबाइलला हॉट शू नाही आणि पडदाही नाही. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. फ्लॅशची चमक हजाराव्या भागाच्या आसपास संपते, ती काही ओळींनाच मिळते. मोबाइलवाल्यांनी सरळ सतत जळणारा एलईडी घ्यावा. ट्रिगरचा खर्चच नाही.

रेंजबद्दल डब्यावर १०० मीटर लिहिलेलं असतं. ते मोकळ्या मैदानातलं. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. शिवाय वाय-फाय, ब्लूटूथ सगळे याच बँडवर. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, अक्षता सोहळ्यात संमती कट्ट्याभोवतीची गर्दी आठवा. प्रत्येकाच्या खिशात फोन. तिथे स्टँड लावायला जागा मिळत नाही, म्हणून मित्राच्या हातात मोनोपॉडवर फ्लॅश देतो आणि डोक्यांच्या वर धरायला सांगतो. संदेशाला मोकळी वाट मिळते. (पॉवर तिथे अगदी कमी ठेवा. नंदीध्वज धरणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात. जरा जास्त झाली की कापडाच्या चुण्या गायब.) उलट, फ्लॅश हातभर अंतरावर असूनही उडत नसेल तर गोडॉक्समध्ये ०-३० मीटरची सेटिंग असते, ती निवडा. फार जवळचा जोरदार सिग्नलही रिसीव्हरला झेपत नाही. कानात ओरडल्यासारखं.

आणि आता माझा आजार. गोडॉक्सच्या नव्या ट्रिगरमध्ये ३२ चॅनल आहेत, शिवाय ०१ ते ९९ असा वायरलेस आयडी. चॅनल म्हणजे वाड्याचा नंबर, आयडी म्हणजे खोलीचा. दोन्ही जुळले तरच फ्लॅश ऐकतो. ट्रिगर आणि प्रत्येक फ्लॅश, दोन्हीकडे तोच आकडा घालावा लागतो. स्कॅन नावाची सोयही आहे, ती मोकळे चॅनल शोधून दाखवते. जुन्या काही मॉडेलमध्ये आयडीच नाही; तसा एक जरी फ्लॅश तुमच्या सेटमध्ये असला तर आयडी बंद ठेवून फक्त चॅनलवर भागवावं लागतं. म्हणून सेकंडहँड घेताना मेनूत आयडी दिसतो का, हे आधी बघा.

दुकानात काय तपासायचं? मी नवी पेठेत घेतला तेव्हा मित्राला फ्लॅश देऊन रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि मधून माणसं, रिक्षा जात असताना वीस वेळा दाबलं. एकदाही चुकायला नको. मग ट्रिगर झोपेपर्यंत थांबलो आणि शटर अर्धं दाबून तो जागा होतो का ते बघितलं. शूवर हलतो का, लॉक घट्ट बसतो का, हेही. सेलवर चालणारा असेल तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या आणि शूट नसताना काढून ठेवा. साध्या सेलमधून गळालेल्या रसाने माझा एक रिसीव्हर खाल्ला आहे.

त्या लग्नातला तो फोटोग्राफर, त्याचं सांगायचं राहिलं. जेवणाच्या पंगतीत शेजारीच बसला होता. दोघांनी ट्रिगर काढून मांडीवर ठेवले आणि मेनू उघडला. तो म्हणाला, "तुम्ही सातवर जावा, मी एकवरच राहतो, माझे चार फ्लॅश आहेत, कुठं बदलत बसू?" बरोबरच होतं. संध्याकाळच्या रिसेप्शनचे माझे सगळे फोटो नीट आले. आता कुठल्याही कार्यालयात गेलो की आधी दुसरा कॅमेरावाला शोधतो आणि नमस्काराच्या आधी विचारतो, "मालक, चॅनल कितीवर?"

तुमचा कॅमेरा आणि फ्लॅशचं मॉडेल व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या भागात छत्री आणि सॉफ्टबॉक्सबद्दल बोलू.