वेगाची परीक्षा वाऱ्याच्या बोगद्यात

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. सुमारे ४५५ किलोमीटरचे अंतर कापायला तिला साधारण साडेसहा तास लागतात. भागाकार करून पाहा. सरासरी वेग येतो ताशी ७० किलोमीटर. चीनमध्ये बीजिंग–शांघाय मार्गावर मात्र २०१७ पासून ताशी ३५० किलोमीटर वेगाने गाड्या धावत आहेत. त्या वेगाने न थांबता जाता आले, तर सोलापूरहून मुंबई सुमारे सव्वा तासावर येईल!

तुम्ही म्हणाल, मग गाडीला पाचपट ताकदीची यंत्रे बसवा, म्हणजे झाले! पण हिशेब इतका सरळ नाही.

हवेचा हिशेब

धावणारी गाडी समोरची हवा सतत बाजूला सारत असते. वेग दुप्पट केला, की दर सेकंदाला दुप्पट हवा वाटेत येते. शिवाय ती दुप्पट वेगाने ढकलावी लागते. म्हणून हवेचा रोध दोन दुणे चार, म्हणजे चौपट होतो. त्यातच, तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापायचे, म्हणून लागणारी शक्ती होते आठपट. थोडक्यात, रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात.

आता ७० वरून ३५० वर जा. वेग पाचपट, रोध पंचवीसपट आणि हवेवर मात करायला लागणारी शक्ती तब्बल सव्वाशेपट! कर्जत–लोणावळ्याचा घाट, रुळांची वळणे, वाटेतले सिग्नल ह्या अडचणी आहेतच. पण नवा, सरळ मार्ग बांधून त्या टाळता येतात. हवा टाळता येत नाही. तिच्याशी जमवूनच घ्यावे लागते आणि ते साधते आकाराने.

करून पाहा

घरातील मोठ्या माणसांना जवळ बसवून एक मेणबत्ती पेटवा. तिच्यापुढे एक गोल बाटली ठेवा आणि बाटलीच्या अलीकडून फुंकर मारा. मेणबत्ती विझते! बाटलीला वळसा घालून हवा पलीकडे पुन्हा एकत्र येते. आता बाटलीऐवजी तेवढ्याच रुंदीचा पुठ्ठा उभा धरा. ह्या वेळी ज्योत विझण्याऐवजी पुठ्ठ्याकडे झुकते, कारण सपाट पुठ्ठ्यामागे हवेचे भोवरे होतात. हेच भोवरे वाहनाला मागे खेचतात. अतिवेगवान गाड्यांची नाके लांब आणि निमुळती का असतात, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

ह्या प्रयोगात बाटली स्थिर होती आणि हवा धावत होती. वाहन हवेतून जावो की हवा वाहनावरून, परिणाम एकच. ह्याच तत्त्वावर ‘विंड टनेल’, म्हणजे वाऱ्याचा बोगदा चालतो. राइट बंधूंनी १९०१ साली एका लांबट पेटीत पंख्याने वारा सोडून पंखांच्या सुमारे दोनशे लहान प्रतिकृती तपासल्या. त्यांचे विमान उडाले ते त्यानंतर, १९०३ साली.

ही विद्या आपल्याकडे आली, त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांचा जन्म १८८२ साली इथलाच. त्याच कारखान्यात पुढे विमानांचे आराखडे करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल ह्या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. घाटगे ह्यांच्या आराखड्यावरून बांधलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण-विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी आकाशात झेपावले.

क्षणभराचे वादळ

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. त्याच्या कित्येक पट वेगाचा वारा कसा निर्माण करायचा? इथेही घनाचा नियम आडवा येतो. असा वारा सतत वाहता ठेवायला अफाट वीज लागेल. म्हणून युक्ती करतात. उजनी धरणात पावसाळाभर पाणी साठते आणि दरवाजे उघडताच लोंढा सुटतो, तशी टाक्यांत हवा दाबून साठवतात आणि काही सेकंदांत सोडून देतात. बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतला १९६७ साली सुरू झालेला बोगदा असाच आहे. त्यात ध्वनीच्या चौपट वेगापर्यंत परीक्षा घेता येते.

चीनने ह्यापुढची मजल मारली आहे. बीजिंगजवळच्या ‘जेएफ-१२’ ह्या २६५ मीटर लांबीच्या यंत्रात हायड्रोजन व ऑक्सिजन ह्यांच्या मिश्रणाचा स्फोट घडवतात. त्यातून निघालेला आघात-तरंग हवेला दाबतो, तापवतो आणि ती हवा प्रतिकृतीवर आदळते. वेग ध्वनीच्या ५ ते ९ पट! पण हे वादळ टिकते सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा. तेवढ्यात सगळी मापे घ्यायची. २०२३ साली पूर्ण झालेल्या ‘जेएफ-२२’ मध्ये तर ध्वनीच्या सुमारे ३० पट वेगाची परिस्थिती निर्माण करता येते.

हवाच काढून टाकली तर?

चुंबकांवर तरंगणाऱ्या गाडीला चाकांचे घर्षण नसते. हवेचा रोध मात्र उरतोच. म्हणून बंद नळीतील बरीचशी हवा उपसून तिच्यातून गाडी सोडण्याची कल्पना निघाली. चीनने दातुंग येथे अशी सुमारे २ किलोमीटरची चाचणी-नळी बांधली आहे. आपल्या मद्रास आयआयटीतही ४२२ मीटरांची नळी उभी राहिली आहे आणि त्या कामात विद्यार्थ्यांचा मोठा सहभाग आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने एका अमेरिकी कंपनीशी मुंबई–पुणे नळीमार्गाचा करार केला. प्रवास अर्ध्या तासाच्या आत होईल, असे सांगितले गेले. पण कंपनीची चाचणी-नळी होती फक्त ५०० मीटरांची. नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्यातून दोन माणसांनी प्रवास केला, तेव्हा वेग गाठला ताशी सुमारे १७२ किलोमीटर. २०२३ च्या अखेरीस ती कंपनी बंद झाली.

५०० मीटर अपुरे का, हे तुम्हांलाच काढता येईल. वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर, हे सूत्र तुम्ही शिकला आहात. प्रवाशांना त्रास होऊ नये म्हणून वेग दर सेकंदाला १ मीटरनेच वाढवला, तर ताशी १००० किलोमीटर गाठायला सुमारे ३९ किलोमीटर लागतात आणि तितक्याच हळुवारपणे थांबायला पुन्हा तेवढेच! म्हणजे नळी हवी सोलापूर–पंढरपूर अंतराहूनही थोडी लांब.

मुंबई–हैदराबाद अतिवेगवान रेल्वेमार्गाचा अभ्यास झाला, त्यात सोलापूरचे नाव आहे. उद्या कोणी तुम्हांला विलक्षण वेगाचे आकडे सांगितले, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा: चाचणी किती लांबीच्या मार्गावर झाली? प्रत्यक्ष वेग किती होता? आणि किती वेळा? मग वही काढा आणि वरचे सूत्र वापरून पाहा.