गूगलला टक्कर: इंजिन की दार?

मंडळी, गूगलपेक्षा चांगलं सर्च इंजिन बनवलं की लोक आपोआप तिकडे वळतील, असं आपल्याला वाटतं. वाटायला कारणही आहे. १९९८ मध्ये गूगल स्वतः नवखंच होतं, आणि समोर याहू, अल्टाव्हिस्टा अशी बडी मंडळी बसली होती. मग तेच आज पुन्हा का घडू नये?

आपण नीवाचं उदाहरण घेऊ. श्रीधर रामस्वामी हे गूगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख होते. म्हणजे त्या घराचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेला माणूस. ते बाहेर पडले आणि २०१९ मध्ये विवेक रघुनाथन यांच्यासोबत त्यांनी नीवा काढली. जाहिराती नाहीत, पाळत नाही, हवं तर वर्गणी भरा. भांडवल होतं, जाणकार माणसं होती. तरी मे २०२३ मध्ये त्यांनी सर्च इंजिन बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण मोठं बोलकं होतं: लोकांकडून पैसे घेणं त्या मानानं सोपं गेलं, त्यांना एकदा वापरून बघायला लावणं मात्र जमेना.

आता हे असं का होतं? आपण नवा फोन घेतो, ब्राउझर उघडतो, वर पट्टी असते, त्यात टाइप करतो. ती पट्टी कुणाकडे जाते हे आपण ठरवलेलंच नसतं! त्यालाच डिफॉल्ट म्हणायचं. त्याची ताकद बघा. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलविरुद्ध निकाल दिला. त्यात नोंद आहे की मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर, जिथे डिफॉल्ट बिंग आहे, तिथे सुमारे ८० टक्के शोध बिंगवरच होतात. एरवी सगळीकडे गूगल नव्वदीच्या घरात. माणसं तीच, फक्त दार बदललं. म्हणून तर गूगलनं ही जागा मिळवण्यासाठी २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले, आणि त्यातला सिंहाचा वाटा ॲपलला गेला. जी वस्तू लोक आपणहून निवडतात, तिच्यासाठी कुणी एवढे पैसे मोजेल का, हा प्रश्न आम्हाला तरी पडतो.

शिवाय जितके लोक शोधतात, जितक्या क्लिक करतात, तितकं इंजिन शिकतं. नव्याकडे गिऱ्हाईकच नाही, तर ते शिकणार कुठून? डकडकगोसुद्धा आपले बरेचसे निकाल बिंगकडून घेतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये मेहतांनी उपाय सांगितले: दुसऱ्याला वाव न देणारे करार बंद, आणि काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यायची. पण डिफॉल्टसाठी पैसे मोजायची मुभा राहिलीच. त्यामुळे आमचं लक्ष आहे ते दुसरीकडे. पर्प्लेक्सिटीनं कॉमेट आणला, ओपनएआयनं ॲटलस. दोन्ही ब्राउझर आहेत. दुसऱ्याच्या दारात जागा मिळेना, तेव्हा या मंडळींनी आपलंच दार बांधायला घेतलंय.