पोलिसांच्या हातून जखम : नोंद कुठे, प्रत कशी?

• अर्ज कुणाकडे : सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक. दोन्हीकडे जनमाहिती अधिकारी वेगळे. घटना कुठल्या ठाण्याच्या हद्दीतली, हे आधी पाहावे.

• अटकेवेळची नोंद : डी. के. बसू खटल्याचा निकाल, 1996. अटक झालेल्याने मागणी केल्यास अंगावरच्या लहानमोठ्या जखमा तपासणी पत्रकात लिहायच्या. खाली त्याची व पोलिसाची सही, प्रत त्याला.

• वैद्यकीय अहवाल : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 53. जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या साधारण कधी झाल्या, हे डॉक्टरांनी नोंदवायचे. अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला मिळते. त्यासाठी माहिती अधिकाराची गरज नाही.

• सीसीटीव्ही : सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर 2020. चित्रण 18 महिने, निदान वर्षभर जपायचे. म्हणून अर्जाला उशीर नको.

• माहिती अधिकार, 2005 : शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस, जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास 48 तास. ‘तपास चालू आहे’ एवढे कारण पुरत नाही; माहितीने तपासात अडथळा कसा येईल, हे दाखवावे लागते (कलम 8). पहिले अपील 30 दिवसांत त्याच खात्यातील वरिष्ठांकडे, दुसरे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे.

• कोठडीत मृत्यू : 24 तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवणे बंधनकारक.